अण्णांचा सॅक्सोफोन आणि क्लबातल्या खुर्च्या

(दिल्लीत शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी आलेल्या मराठी मुलामुलींच्या मयूर विहार इथल्या घरगुती बैठकीत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



तुम्ही कुणी मुखर्जी नगरहून, कुणी मुनिरक्याहून, कुणी नोएडाहून मेट्रो बदलत मयूर विहारला आलात. घर लहान आहे, काही जण खाली सतरंजीवर बसले आहेत, त्याबद्दल आधीच माफी मागते. मला सांगण्यात आलं होतं की 'पहिल्या पिढीचे पदवीधर आणि संस्कृती' यावर बोला. विषय फार मोठा आहे. मी तो माझ्या मापाचा करून घेतला आहे. मी आज एका वाद्यावर बोलणार आहे, सॅक्सोफोनवर, आणि ते वाद्य ज्या छोट्याशा क्लबात मी समोर बसून ऐकलं त्यावर.

माझे वडील बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. हे वाक्य चार माणसांत मोठ्यानं मी आज पहिल्यांदा बोलते आहे.

आम्ही लातूर जिल्ह्यातले मातंग. आजोबा हलगी वाजवायचे. पोळा असो, जत्रा असो, कुणाचं लग्न असो की मयत, गावानं सांगावा धाडला की जायचं. दर ठरलेला नसायचा. सुगीला पायली-दोन पायली धान्य आणि लग्नात उरलेलं अन्न. हे बलुतं होतं. त्यात 'नाही' म्हणायची सोय नव्हती.

अण्णा पंधराव्या-सोळाव्या वर्षी गाव सोडून तालुक्याला गेले आणि एका बँड पार्टीत लागले. आधी खुळखुळा, मग साइड ड्रम, मग क्लॅरिनेट आणि शेवटी सॅक्सोफोन. बँडचे मास्तर मुसलमान होते. त्यांनी अण्णांना हाताशी धरून बोटं शिकवली. स्वरलिपी नव्हती, सगळं कानावर. सिनेमातलं नवं गाणं आलं की टेपवर चार वेळा ऐकायचं आणि संध्याकाळी वाजवायचं. लग्नसराईत बँड, लग्नसराई संपली की वीटभट्टी नाहीतर ऊसतोड.

लहानपणापासून मला आजोबांची हलगी आणि अण्णांचा बँड एकच वाटायचा. दोन्ही लाजेचे. त्यात फरक होता, तो मला फार उशिरा कळला. बँडला सुपारी होती. आगाऊ पैसे, ठरलेला दर, ठरलेली वेळ. अंगात लाल कोट होता. आणि सुपारी परत करता येत होती. मी ज्याला लाज समजत होते ती आमच्या घरातली बलुत्यातून बाहेर पडायची पहिली पायरी होती. माझी पदवी ही दुसरी.

आता लाजेचा प्रसंग सांगते, कारण तो सांगितल्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही. मी बारावीला होते. वर्गातल्या एका मैत्रिणीच्या भावाचं लग्न होतं. आम्ही पाच-सहा जणी नटूनथटून वरातीत होतो. नवरदेवाच्या घोड्यापुढं बँड होता. वळणावर गेल्यावर मला दिसलं की तो अण्णांचा बँड आहे. त्यांनीही मला पाहिलं. आणि त्यांनी मान फिरवली. त्यांनी मला ओळख दिली नाही, ती मला वाचवण्यासाठी दिली नाही. हे मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि तरी मी गप्प राहिले. पंगती उठल्यावर बँडवाले मांडवाच्या मागं, पाण्याच्या टँकरजवळ बसून जेवले. मी मांडवात जेवले. पुढं कॉलेजच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'शेतमजूर' लिहिलं. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

इथं बसलेल्यांपैकी कितीजणांनी असा एखादा रकाना भरला आहे, ते मी विचारत नाही.

दिल्लीत नोकरी लागल्यावर ऑफिसातल्या लोकांबरोबर मी एकदा दक्षिण दिल्लीतल्या एका जॅझ क्लबात गेले. क्लब म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं नाचगाणं, धूर, दारू असंच होतं. प्रत्यक्षात एक लहानशी खोली होती. साठ-सत्तर माणसं दाटीवाटीनं बसतील एवढी. एका कोपऱ्यात पियानो, उभा मोठा बेस, ड्रम आणि पुढं एक माणूस गळ्यात सॅक्सोफोन अडकवून उभा. वाजवणं सुरू झालं आणि सगळे गप्प बसले. शेजारच्या टेबलावर कुणीतरी बोलायला लागलं तर वाढप्यानं येऊन हळूच खूण केली.

ज्यांनी हे कधी ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सुरुवातीला सगळे मिळून एक धून वाजवतात. समजा तिचं आवर्तन बत्तीस मात्रागटांचं आहे. मग तेच आवर्तन पुन्हा पुन्हा फिरत राहतं आणि त्यावर एकेक जण आपल्या मनानं, त्या क्षणी सुचेल ते वाजवतो. आधी सॅक्सोफोन, मग पियानो, मग बेस. सॅक्सोफोनवाल्याची पाळी झाली की तो बाजूला सरकून उभा राहतो आणि दुसऱ्याचं ऐकतो. लोक गाणं संपायची वाट बघत नाहीत, प्रत्येकाची पाळी झाली की टाळ्या वाजवतात. शेवटी सॅक्सोफोन चार वेळा बोलतो, ड्रम चार वेळा उत्तर देतो. आपल्या गायन पार्टीतला सवाल-जवाब ज्यांनी रात्रभर ऐकला आहे त्यांना हे परकं वाटणार नाही. मग पुन्हा मूळ धून, आणि संपलं.

मी दहा फुटांवर होते. इतक्या जवळून सॅक्सोफोनचा नुसता सूर ऐकू येत नाही. सुराच्या आधीचा श्वास ऐकू येतो. बोटांखाली चाव्यांच्या गाद्या आपटतात, त्यांचा टपटप आवाज येतो. तो टपटप आवाज मी ओळखला. अण्णा पहाटे ओसरीवर बसून, शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून फुंक न मारता, नुसती बोटं फिरवायचे. मी त्या आवाजात झोपेतून जागी व्हायचे. माझ्याबरोबरच्या लोकांना वाटलं मला संगीत फार आवडलं. आवडलंच होतं. पण मी रडत होते ते वेगळ्या कारणासाठी.

त्यानंतरच्या हिवाळ्यात अण्णा दिल्लीला आले. मी त्यांना इथून, मयूर विहारहून, गुलाबी मार्गाच्या मेट्रोनं त्या क्लबात घेऊन गेले. आत जायचे पैसे त्यांना अर्धेच सांगितले, खरे सांगितले असते तर ते दारातून परत फिरले असते. कोपऱ्यात बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. पहिला अर्धा तास काहीच बोलले नाहीत. मग माझ्याकडं वाकून म्हणाले, "हितं उभं राहून वाजवत्यात गं. चालावं लागत न्हाय."

मला आधी कळलं नाही. मग ते म्हणाले, "चालताना अर्धा दम पायात जातो. मग सूर लांबवायला छातीत काय उरत न्हाय. आन् तोंडापुढं कुणी नोट नाचवत न्हाय हितं."

मित्रांनो, मी समाजशास्त्रात एम. ए. आहे. कला, श्रम, प्रतिष्ठा यांवर मी बरंच वाचलं आहे. पण एकाच वाद्याला दोन ठिकाणी दोन किमती का येतात, हे त्या दोन वाक्यांइतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं. वरातीत अण्णा तीन तास चालत वाजवायचे. मागं जनरेटर, पुढं फटाके, बाजूला पिऊन नाचणारी पोरं. त्या परिस्थितीत कुणाचाही सूर बेसूर होईल. आणि मग आपणच म्हणायचं, बँडवाल्यांना कुठं संगीत कळतं!

मध्यंतरात अण्णा सॅक्सोफोनवाल्याजवळ गेले. मी घाबरले, खरं सांगते. तो तरुण मुलगा होता. अण्णांनी वाद्याला हात न लावता खाली वाकून त्याचं तोंड, म्हणजे माउथपीस, आणि त्यावरची रीड पाहिली. त्यानं विचारलं, "आप भी बजाते हैं?" अण्णा म्हणाले, "बजाता था. शादी में." तो म्हणाला, "आल्टो या टेनर?"

अण्णा म्हणाले, "आल्टो."

मग दोघं पाच मिनिटं रीडवर बोलले. किती दिवस टिकते, पावसाळ्यात फुगते तेव्हा काय करायचं. अण्णांना आयुष्यात गावाचं नाव, आडनाव, कुणाचे कोण, हे हजारदा विचारलं गेलं असेल. आल्टो की टेनर, हे त्यांच्या मास्तरांनंतर कुणी विचारलं नव्हतं.

आता इथं थांबून मी असं म्हणू शकते की बघा, क्लब किती चांगला आणि वरात किती वाईट. पण ते खरं नाही. क्लबाचा इतिहास पाहिला तर कळतं की तिथंही खुर्च्यांचं राजकारण आहे.

सॅक्सोफोन हे वाद्य अदोल्फ साक्स या बेल्जियन कारागिरानं बनवलं आणि १८४६ मध्ये पॅरिसला त्याचं पेटंट घेतलं. सुरुवातीला त्याचा मुख्य उपयोग लष्करी बँडमध्ये झाला. अमेरिकेत बँडची वाद्यं काळ्या माणसांच्या हातात आली. मिरवणुकीत, अंत्ययात्रेत, नाचाच्या हॉलमध्ये वाजवता वाजवता त्यांनी त्यातून जॅझ घडवलं. म्हणजे जॅझच्याही मुळाशी चालत वाजवणारे बँड आहेत.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९२३ मध्ये कॉटन क्लब सुरू झाला. हार्लेम म्हणजे बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले त्याच्या अगदी शेजारचा भाग. कॉटन क्लबात वाजवणारे काळे, नाचणारे काळे, वाढपी काळे. आणि खुर्चीवर बसून ऐकायचा हक्क फक्त गोऱ्यांना. ड्यूक एलिंग्टनसारखा थोर संगीतकार १९२७ पासून तिथं वाजवत होता, पण त्याच्या वस्तीतल्या माणसाला आत बसून ते ऐकता येत नव्हतं. शांतता होती, टाळ्या होत्या, दिवे होते. तरी तो मांडवच होता आणि काळी माणसं टँकरजवळच होती.

म्हणून दुसरा क्लब लक्षात ठेवा. १९३८ मध्ये हेन्री मिंटन या माणसानं हार्लेममध्येच मिंटन्स प्लेहाउस काढलं. मिंटन स्वतः सॅक्सोफोनवादक होता आणि न्यूयॉर्कच्या वादकांच्या युनियनमधला पहिला काळा प्रतिनिधी होता. हे महत्त्वाचं आहे. कामाच्या तासांनंतर वादकांनी फुकट एकत्र वाजवलं तर युनियन दंड करायची. मिंटनच्या जागेत तो त्रास होत नसे. १९४० नंतर तिथं रात्री उशिरा चार्ली पार्करसारखे सॅक्सोफोनवादक, थेलोनियस मंकसारखे पियानोवादक एकमेकांसाठी वाजवायला लागले. नाचायला नाही, वरातीला नाही, ऐकायला. बसून ऐकायचं आधुनिक जॅझ ज्या थोड्या जागांत जन्मलं, त्यातली ही एक जागा वादकांच्या माणसानं, वादकांसाठी उभी केली होती.

आणि तरी सत्ता पाठ सोडत नव्हती. १९४० ते १९६७ या काळात न्यूयॉर्कच्या क्लबात वाजवायचं तर पोलिसांकडून कार्ड घ्यावं लागे. मंकचं कार्ड १९५१ मध्ये काढून घेतलं आणि सहा वर्षं तो आपल्याच शहरातल्या क्लबांत वाजवू शकला नाही. कला मोठी झाली म्हणून माणूस आपोआप मोकळा होत नाही.

आपल्याकडं काय झालं? १९३५ च्या ऑक्टोबरात बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन अॅबी यांचा काळ्या अमेरिकन वादकांचा बँड वाजवायला आला. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, 'जातिनिर्मूलना'चं न झालेलं भाषण बाबासाहेबांनी मुंबईतून स्वतः छापलं. एकाच शहरात या गोष्टी घडत होत्या. ताजच्या त्या हॉलमधल्या खुर्च्यांवर कोण बसलं असेल याचा अंदाज तुम्ही करू शकता. गुलामांचे नातू व्यासपीठावर होते, आणि आपले आजोबा गिरणीत आणि गोदीत.

त्या वादकांकडून गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी जॅझ उचललं. गोव्यात चर्चच्या शाळेत मुलांना स्वरलिपी शिकवत, ती त्यांची पुंजी. मुंबईत धोबी तलावाला ते आपल्या गावाच्या 'कूड'मध्ये राहत. या कुडांनाही लोक क्लबच म्हणत, पण तिथं चटई आणि पेटी ठेवण्यापुरती जागा मिळायची. सॅक्सोफोनवादक मिकी कोरिया यांच्या बँडनं १९३९ पासून वीसएक वर्षं ताज गाजवलं. ब्राझ गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर राग आणि जॅझ जवळ आणले, १९७० मध्ये त्यांची 'राग रॉक' ही ध्वनिमुद्रिका आली. शेकडो गोवेकर वादक हिंदी सिनेमात वाजवत होते, पडद्यावर मात्र त्यांची नावं येत नव्हती. 'अमर अकबर अँथनी'मुळं अँथनी गोन्साल्विस हे नाव देशाला पाठ झालं. ते नाव प्यारेलाल यांच्या खऱ्याखुऱ्या व्हायोलिन गुरूंचं आहे हे किती जणांना माहीत होतं? ज्यांना हा इतिहास वाचायचा असेल त्यांनी नरेश फर्नांडिस यांचं 'ताज महाल फॉक्सट्रॉट' जरूर वाचावं.

आणि कद्री गोपालनाथ. मंगळुरूकडचे, नागस्वर वाजवणाऱ्या घरातले. म्हैसूर राजवाड्याच्या बँडमध्ये त्यांनी सॅक्सोफोन ऐकला आणि तो कर्नाटक संगीतात आणायचं ठरवलं. गमक निघावेत म्हणून त्यांनी वाद्यात फेरफार केले. १९९४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या बीबीसीच्या महोत्सवात ते वाजले. तेच वाद्य राजवाड्याच्या बँडमध्ये, कचेरीत, लंडनच्या हॉलमध्ये. पितळेला जात नसते. जात असते ती कोण उभं आहे, कोण बसलं आहे आणि कोण बाहेर आहे, या मांडणीत.

आता तुमच्या मनातला प्रश्न मला माहीत आहे. बाबासाहेबांनी तर जातीनं दिलेली कामं सोडायला सांगितलं. मग ही ताई आम्हाला पुन्हा बँड गळ्यात घालायला सांगते की काय?

नाही. सोडायला सांगितलं ते बरोबरच होतं. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. वतन म्हणजे काय? गाव सांगेल ते काम, सांगेल तेव्हा, नाही म्हणायची सोय नाही. त्यांचा विरोध या सक्तीला होता. ज्यांनी गावची हलगी खाली ठेवली, मार खाल्ला, बहिष्कार सोसला, त्यांच्यामुळं आपण इथं बसलो आहोत. त्यांच्या विरोधात एक अक्षरही मी बोलणार नाही. पण हेही लक्षात ठेवा की उतारवयात बाबासाहेब व्हायोलिन शिकले. त्यांचं व्हायोलिन पुण्यात सिम्बायोसिसच्या संग्रहालयात आहे, जाऊन बघा. कुणी हुकूम केला म्हणून ते वाजवत नव्हते. त्यांना वाजवावंसं वाटलं म्हणून वाजवत होते.

सक्ती सोडायची आणि विद्या ठेवायची, हे दोन्ही एकदम करता येतं. आपण घाईत सक्तीबरोबर विद्याही फेकून दिली. आणि विद्या फेकताना ती ज्याच्या हातात होती त्या माणसालाही थोडं फेकलं. माझ्याबाबतीत तर तसंच झालं.

म्हणून तुम्हाला चार गोष्टी सांगते. उपदेश नाही, मी स्वतः उशिरा केलेल्या गोष्टी आहेत.

पहिली. पुढच्या फॉर्मवर तो रकाना खरा भरा. माझ्या भावानं मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर आजोबांच्या नावापुढं 'सॅक्सोफोनवादक' लिहिलं.

दुसरी. घरात, भावकीत कुणी वाजवणारं असेल तर सुटीत त्याच्याजवळ बसा आणि मोबाइलवर त्याचं बोलणं टिपून ठेवा. मास्तर कोण, पहिली सुपारी कुठली, कुठलं गाणं कुठल्या वळणावर वाजवायचं. दिल्लीतून मेरठ किती जवळ आहे! इथं न्यू अशोक नगरला नमो भारत गाडीत बसलं की त्याच दिशेनं जाते. मेरठच्या जली कोठीत देशभरच्या बँडची वाद्यं बनतात, नादिर अली यांची कंपनी तर १८८५ पासूनची. संशोधनासाठी विषय शोधणाऱ्यांनी तिथं एक चक्कर मारावी. त्या धंद्यातल्या कारागिरांवर आणि वाजवणाऱ्यांवर आपल्या मुलांनी लिहायला हवं.

तिसरी. तुमच्या घरी लग्न निघेल. बँड ठरवाल. तेव्हा घासाघीस करू नका, पैसे उशिरा देऊ नका, आणि त्यांना पंगतीत तुमच्याबरोबर जेवायला बसवा. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात आम्ही वरात काढली नाही. मांडवातच बँडला खुर्च्या दिल्या, अर्धा तास सगळ्यांना गप्प बसून ऐकायला सांगितलं. पाहुणे आधी हसले. मग ऐकायला लागले. एका म्हाताऱ्या क्लॅरिनेटवाल्यानं असं काही वाजवलं की जेवणाची घाई करणारेही थांबले. क्लब काढायला दक्षिण दिल्लीच लागते असं नाही. बारा-पंधरा खुर्च्या आणि गप्प बसायची तयारी पुरते.

चौथी मुलींसाठी. अण्णांनी माझ्या दोन्ही भावांना सॅक्सोफोन हातात दिला. दोघांनाही तो नको होता. मला हवा होता, मला दिला नाही. पोरीच्या जातीनं फुंकायचं वाद्य घ्यायचं नाही, असं आमच्यातही होतं. बाहेरच्यांनी आपल्याला खुर्ची दिली नाही याचा हिशेब मांडताना आपण घरात कुणाला दिली नाही, तोही मांडावा लागेल.

अण्णा आता वाजवत नाहीत, दम पुरत नाही. मागच्या दिवाळीत त्यांनी तो सॅक्सोफोन गोणपाटात गुंडाळून, एसटीनं आणि मग रेल्वेनं माझ्याबरोबर दिल्लीला पाठवला. तो आतल्या खोलीत आहे. रविवारी सकाळी मी शिकते. शेजारचे दार वाजवतात, त्यांचंही बरोबर आहे, कारण अजून सूर लागत नाही. फोनवर वाजवून दाखवते तेव्हा अण्णा पलीकडून म्हणतात, "घाई करू नगं. उभी हायस न्हवं? मग दम हाय."

चहा झाला की ज्यांना बघायचा आहे त्यांनी आत या. हातात घेऊन बघा. जड आहे, दोन्ही हातांनी धरा.

जय भीम.